आपल्याच माणसांची नाराजी

बेलफास्टच्या पश्चिम भागात बॉम्बे स्ट्रीट नावाची एक छोटी गल्ली आहे. काश्मीर रोड तिला लागूनच, आणि कानपूरच्या नावाचा एक रस्ता चार पावलांवर. लिननच्या गिरण्यांतल्या कामगारांसाठी इथे घरांच्या रांगा उभ्या राहिल्या तेव्हा साम्राज्यातली गावं अशी पाट्यांवर येऊन बसली. १५ ऑगस्ट १९६९ या दिवशी ही गल्ली पेटवली गेली. पेटवणारा जमाव शेजारच्या शँकिल भागातून आलेल्या प्रॉटेस्टंटांचा होता, घरं कॅथलिकांची होती. हाताला लागेल ते उचलून लोकांनी पोराबाळांसह पळ काढला. पुढे घरं पुन्हा बांधली गेली, पण त्यांच्या परसदारांवर लोखंडी जाळीचे पिंजरे चढवावे लागले, कारण मागे भिंत आहे आणि भिंतीपलीकडून दगड, बाटल्या येत. भिंत तीन थरांची आहे. खाली काँक्रीट, मध्ये पत्रा, वर जाळी. तात्पुरतं म्हणून घातलेल्या या कुंपणाला अर्धशतक उलटून गेलं.

भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकच येशू आहे. नाताळ एकाच दिवशी, ईस्टर एकाच दिवशी, शत्रूवर प्रेम करण्याची आज्ञा दोघांच्याही पुस्तकात. तेव्हा ख्रिस्ती श्रद्धा दुभंगलेल्या जगाला शांती देते असं ज्यांना म्हणायचं असेल, त्यांना आधी या गल्लीत आणून उभं करावं. माझं स्वतःचं मत असं की ते विधान साफ खोटं नाही. पण ते ज्या गोड अर्थाने प्रवचनांत आणि सर्वधर्म परिषदांत केलं जातं, त्या अर्थाने ते खरंही नाही.

सुटकेचा एक मार्ग नेहमी पुढे केला जातो, की उत्तर आयर्लंडचं भांडण धर्माचं नव्हतंच. ते घरं, नोकऱ्या, मतदानाचा हक्क आणि देश ब्रिटनचा की आयर्लंडचा या प्रश्नांचं होतं. यात तथ्य आहे. मिस्सात भाकरीचं काय होतं यावरून तिथे कुणी कुणाला गोळी घातली नाही. पण या युक्तिवादाने धर्मसंस्था फार स्वस्तात सुटतात. कोण कुठल्या शाळेत जाणार, कुणाशी लग्न करणार, मेल्यावर कुठे पुरला जाणार हे सगळं चर्चच ठरवत होतं. १९६९ नंतरच्या तीन दशकांत या छोट्या प्रांतात साडेतीन हजारांच्या आसपास माणसं मारली गेली. त्यांतली बहुतेक कुठल्या ना कुठल्या चर्चमधून पुरली गेली, आणि मारणाऱ्यांचा बाप्तिस्माही तिथेच झालेला होता.

माझा मुद्दा सांगून टाकतो. गेल्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांतल्या ब्रिटनकडे पाहिलं तर श्रद्धेने शांततेचं खरं काम जेव्हा जेव्हा केलं, तेव्हा तेव्हा तिने आपल्याच माणसांना नाराज केलं. ज्या ठिकाणी स्वकीयांपैकी कुणाच्याही कपाळाला आठी पडली नाही, तिथे श्रद्धेचं शांतिकार्य सजावटीपलीकडे गेलेलं नाही.

कॉव्हेंट्रीपासून सुरुवात करू. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी हे शहर सुमारे अकरा तास भाजून काढलं. पाचशेहून जास्त माणसं मेली, आणि मध्ययुगीन सेंट मायकेल कॅथीड्रलच्या फक्त भिंती आणि मनोरा उरला. ढिगाऱ्यात छताच्या दोन जळक्या तुळया एकमेकींवर आडव्या पडलेल्या एका गवंड्याला दिसल्या. त्याने त्या बांधून क्रूस उभा केला. छतातल्या जुन्या खिळ्यांपैकी तीन खिळे जोडून दुसरा एक छोटा क्रूस झाला. इथवरची गोष्ट पर्यटकांना सांगितली जाते, आणि ती ऐकायला बरी वाटते. जड भाग पुढे आहे. त्या वर्षीच्या नाताळला प्रोव्होस्ट रिचर्ड हॉवर्ड यांनी अवशेषांतूनच बीबीसीवरून साम्राज्यभरच्या श्रोत्यांना सांगितलं की कितीही कठीण गेलं तरी आम्ही सूडाचा विचार मनातून हद्दपार करायचा प्रयत्न करतो आहोत. त्याच्या नऊ दिवस आधी, १६ डिसेंबरच्या रात्री, ब्रिटिश विमानांनी कॉव्हेंट्रीचं उट्टं काढायला मानहाइम शहरावर हल्ला केला होता. म्हणजे देश एका दिशेला निघालेला आणि हा गृहस्थ दुसऱ्या. शहर अजून ढिगाऱ्यात पडलेलं होतं, अशा वेळी असं बोलणारा माणूस पुष्कळांना मूर्ख वाटला असेल, काहींना त्याहून वाईट.

१९४८ मध्ये वेदीमागच्या भिंतीवर हॉवर्ड यांनी बापाकडे क्षमा मागणारे दोन शब्द कोरून घेतले. वधस्तंभावरच्या येशूच्या तोंडी ती क्षमा मारणाऱ्यांसाठी मागितलेली आहे. हॉवर्ड यांनी कुणासाठी ते कोरलंच नाही. जर्मनांना क्षमा कर, असा अर्थ त्यांना नको होता. आपण सगळेच त्या यादीत आहोत, असं त्यांचं म्हणणं. १९५८ मध्ये कॅनन जोसेफ पूल यांनी याच धाग्यावर एक प्रार्थना रचली, जी आजही दर शुक्रवारी दुपारी बाराला त्या छप्पर नसलेल्या अवशेषांत म्हटली जाते. राष्ट्राराष्ट्रांतला, वंशावंशांतला द्वेष, दुसऱ्याचं ओरबाडून घेण्याची हाव, बेघरांबद्दलची बेपर्वाई अशी एकेक गोष्ट घेतात आणि प्रत्येकीनंतर जमलेले लोक तेच दोन शब्द म्हणतात. सहलीला आलेली शाळेची मुलं, दुपारच्या सुट्टीत डोकावलेला कुणी कर्मचारी, पाऊस आला तर छत्र्या. पाच-सात मिनिटांत कार्यक्रम संपतो. त्यात जर्मनीचं नाव नाही, हिटलरचं नाही. बॉम्ब खाल्लेल्या गावाने स्वतःच्या प्रार्थनेतून शत्रूला वगळून स्वतःला घालावं, ही साधी गोष्ट नव्हे.

यातून पुढे प्रत्यक्ष काम उभं राहिलं म्हणूनच मी त्याला भाव देतो. खिळ्यांचा क्रूस कील या जर्मन शहराला दिला गेला तो १९४७ साली, युद्धाच्या जखमा ओल्या असताना. १९६१ मध्ये जर्मन तरुण कॉव्हेंट्रीत येऊन अवशेषांच्या एका भागाची दुरुस्ती करून गेले. १९६५ मध्ये कॉव्हेंट्रीकडची पोरं ड्रेस्डेनला गेली आणि तिथल्या बॉम्बने पडलेल्या एका ख्रिस्ती रुग्णालयाच्या उभारणीत घमेली उचलू लागली. ड्रेस्डेन तेव्हा पूर्व जर्मनीत, म्हणजे पोलादी पडद्याआड. शिवाय ब्रिटनमधल्या कुणालाही ड्रेस्डेनचं नाव ऐकून अवघडल्यासारखं होतं. फेब्रुवारी १९४५ मध्ये तिथे सुमारे २५ हजार माणसं जळाली, ती ब्रिटिश आणि अमेरिकन बॉम्बने.

त्या प्रकारच्या बॉम्बफेकीला युद्ध चालू असतानाच उघड विरोध करणारा एक बिशप होता. चिचेस्टरचे जॉर्ज बेल. हे जर्मन धर्मशास्त्री डीट्रिख बोनहॉफर यांचे स्नेही, नाझींचे जुने विरोधक, तेव्हा त्यांच्यावर शत्रुप्रेमाचा आरोप टिकणारा नव्हता. ९ फेब्रुवारी १९४४ रोजी हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये उभं राहून त्यांनी सरकारला विचारलं की शहरंच्या शहरं बेचिराख करणं हे युद्धाच्या न्याय्य उद्दिष्टात कसं बसतं. लढणारी आपली मुलं रोज विमानांतून मरत होती आणि हा बिशप जर्मन स्त्रियांपोरांची बाजू घेतो आहे, असा त्याचा अर्थ लावला गेला. त्याच वर्षी कँटरबरीचे आर्चबिशप विल्यम टेंपल वारले आणि ती जागा बेल यांना मिळाली नाही. त्या भाषणाची किंमत म्हणूनच, असं तेव्हापासून मानलं जातं.

१९८२ मधलं एक उदाहरण मला याहून बोलकं वाटतं, कारण तिथे वेळ विजयाची होती. फॉकलंडची लढाई ब्रिटनने जिंकली. २६ जुलैला लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये उपासना झाली. पंतप्रधान मार्गारेट थॅचर समोर बसलेल्या. आर्चबिशप रॉबर्ट रन्सी यांनी २५५ ब्रिटिश मृतांबरोबर अर्जेंटिनाच्या मृतांच्या घरच्यांचंही दुःख मांडलं, आणि युद्धाचा गौरव करायचं टाळलं. सत्ताधारी पक्षात संताप उसळला. गंमत अशी की रन्सी काही शांततावादी साधू नव्हते. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी रणगाडे चालवले होते आणि शौर्याबद्दल मिलिटरी क्रॉस मिळवला होता. ज्याने स्वतः माणसं मारली आहेत तोच विजयोत्सवात असं बोलू शकतो. बाहेरच्या कुणी बोललं असतं तर कुणी लक्षही दिलं नसतं.

हे 'बाहेरच्या कुणी' प्रकरण महत्त्वाचं आहे. शांततेचं काम निष्पक्ष माणसं करतात असा आपला समज असतो. धर्म मानत नाही, कुठल्या बाजूचा नाही, म्हणून दोघांनाही चालेल असा कुणी मध्यस्थ. बेलफास्टचा अनुभव नेमका उलट आहे. तिथे कामाला आली ती गळ्यापर्यंत एका बाजूत बुडालेली माणसं.

बॉम्बे स्ट्रीटच्या मागेच क्लोनार्ड मठ आहे, रिडेम्प्टरिस्ट संघाचा. तिथे फादर अ‍ॅलेक रीड चाळीसेक वर्षं राहिले. आयरिश, कॅथलिक, त्याच वस्तीच्या सुखदुःखात मुरलेले. ब्रिटनविरुद्ध शस्त्र उचललेल्या आयआरएच्या माणसांना ते आपले वाटत, म्हणून ते त्यांच्याशी बोलू शकत. आयआरएची राजकीय बाजू मानल्या जाणाऱ्या शिन फेन पक्षाचे जेरी अ‍ॅडम्स आणि बंदुकीला ठाम विरोध करणाऱ्या एसडीएलपी पक्षाचे जॉन ह्यूम यांच्यात १९८८ च्या सुरुवातीला जी गुप्त बोलणी झाली, ती घडवून आणणारे हेच.

त्या वर्षीच्या १९ मार्चचं छायाचित्र जगभर छापलं गेलं. आयआरएच्या एका माणसाची प्रेतयात्रा चालली होती आणि साध्या वेशातले दोन ब्रिटिश सैनिक गाडीसह तिच्यात शिरले. तीन दिवसांपूर्वीच मिलटाउन दफनभूमीत एका ब्रिटननिष्ठ, म्हणजे लॉयलिस्ट, बंदूकधाऱ्याने अंत्यविधीवर हल्ला करून तिघांना मारलं होतं. तसाच हल्ला पुन्हा झाला अशा समजाने जमाव तुटून पडला. सैनिकांना ओढून काढलं, मारलं, कपडे फाडले, आणि जवळच्या मोकळ्या जागेत नेऊन गोळ्या घातल्या. रीड त्यांना वाचवायला मध्ये पडले तेव्हा त्यांना उचलून बाजूला करण्यात आलं, धमकावण्यात आलं. गोळ्यांचा आवाज आला तसे ते धावले. एकात धुगधुगी होती. तोंडाने श्वास द्यायचा प्रयत्न केला, मग अंतिम संस्कार केले. छायाचित्रात ते गुडघ्यांवर आहेत, ओठांना दुसऱ्याचं रक्त लागलेलं आहे.

छायाचित्रात न दिसणारी गोष्ट म्हणजे त्यांच्याजवळचा लिफाफा. त्यात शिन फेनने ह्यूम यांच्यासाठी लिहिलेला राजकीय मसुदा होता. लिफाफ्याला रक्त लागलं. रीड यांनी लिफाफा बदलला आणि कागद डेरीला ह्यूम यांच्याकडे पोचवला. त्याच माणसांच्या बाजूचा कागद, ज्यांनी थोड्या वेळापूर्वी त्यांच्या डोळ्यांदेखत हे केलं होतं. कुणी म्हणेल की तिथून पुढे त्यांनी तोंडही पाहायला नको होतं. मला वाटतं त्यांना हे पक्कं माहीत होतं की तोंड पाहणारा कुणी राहिला नाही तर अशी छायाचित्रं येतच राहतील.

पलीकडे प्रॉटेस्टंटांतही अशी माणसं होती. प्रेस्बिटेरियन पाळक रॉय मगी लॉयलिस्ट सशस्त्र टोळ्यांच्या म्होरक्यांशी वर्षानुवर्षं बोलत राहिले. ३१ ऑगस्ट १९९४ ला आयआरएने शस्त्रसंधी जाहीर केली. १३ ऑक्टोबरला लॉयलिस्टांनी केली, आणि त्यांच्या निवेदनात निरपराध बळींच्या कुटुंबांबद्दल पश्चात्ताप व्यक्त केलेला होता. पुढे आयआरएने शस्त्रं निकामी केल्याचं सप्टेंबर २००५ मध्ये जाहीर झालं. कामावर आंतरराष्ट्रीय आयोग होता, पण लोकांचा विश्वास बसावा म्हणून दोन साक्षीदार नेमले, रीड आणि मेथडिस्ट पाळक हॅरल्ड गुड. आयोगाच्या शब्दावर जे विसंबणार नव्हते, तेही या दोघांच्या शब्दावर थोडेफार विसंबले.

आणि लगेच पुढच्याच महिन्यात, एका प्रेस्बिटेरियन चर्चमधल्या जाहीर सभेत, प्रश्नोत्तरं तापल्यावर रीड यांच्या तोंडून निघून गेलं की युनियनिस्टांनी, म्हणजे ब्रिटनशी जोडलेलं राहू पाहणाऱ्यांनी, कॅथलिकांना नाझींनी ज्यूंना वागवलं तसं वागवलं. हल्लकल्लोळ झाला, त्यांना माफी मागावी लागली. मला हा प्रसंग रीड यांच्या विरोधातला पुरावा वाटत नाही. तो माणूस मनाने शेवटपर्यंत आपल्या बाजूचाच होता, एवढंच त्यातून दिसतं. बाजू सोडून दिली असती तर आयआरएच्या दारात त्याला उभंही केलं नसतं.

ते चर्च फिट्झरॉय. तिथले पाळक केन न्यूवेल यांनी क्लोनार्डच्या पाद्र्यांबरोबर दोन मंडळ्यांची मैत्री १९८१ मध्येच सुरू केलेली होती; क्लोनार्डचे फादर गेरी रेनल्ड्स तिच्यात नंतर आले. ते वर्ष आयआरएच्या कैद्यांच्या उपोषणाचं. दहा कैदी मेले, रस्ते पेटले, आणि ही माणसं एकत्र बसून बायबल वाचत होती. रेनल्ड्स यांनी पुढे आणखी एक साधीशी पद्धत पाडली. रविवारी सकाळी काही कॅथलिक भाविकांना घेऊन ते भिंतीपलीकडच्या एखाद्या प्रॉटेस्टंट चर्चमध्ये उपासनेला जाऊन बसत. भाषण नाही, फलक नाही. नुसतं मागच्या बाकावर बसायचं आणि त्यांची गाणी म्हणायची.

याला आक्षेप आहे, आणि तो भक्कम आहे. १० एप्रिल १९९८ चा गुड फ्रायडे करार पाद्र्यांनी केला नाही. ब्रिटिश लष्कर आणि आयआरए दोघांनाही कळून चुकलं होतं की निर्णायक विजय कुणालाच मिळणार नाही. लंडन आणि डब्लिनची सरकारं एकत्र आली, वॉशिंग्टनने वजन टाकलं, अमेरिकेचे माजी सिनेटर जॉर्ज मिचेल यांनी अनेक महिने चिवटपणे बैठका चालवल्या, युरोपचा पैसा आला. हे सगळं खरं. श्रद्धेने करार लिहिला असं मी म्हणतच नाही. पण करार होण्याआधीची दहा-पंधरा वर्षं कुठल्याच सरकारला उघडपणे ज्यांच्याशी बोलता येत नव्हतं, त्यांच्याशी बोलणं चालू ठेवायला कुणीतरी लागत होतं. असा कुणीतरी, ज्याने ऐकलेलं पोटात ठेवलं तर ते त्याच्या पेशाला साजेसंच मानलं जाईल. पोलिसांना, पत्रकारांना, पुढाऱ्यांना ही सोय नाही. शिवाय निवडणूक हरायची भीती नाही, बायकोपोरं नाहीत (प्रॉटेस्टंट पाळकांची गोष्ट वेगळी), आणि मरणाची तयारी निदान तत्त्वतः तरी केलेली.

संस्था म्हणून चर्चने मात्र यात फारसं काही केलं नाही हे कबूल करावं लागतं. केलं ते सुट्या माणसांनी, बऱ्याचदा वरिष्ठांच्या कपाळावरच्या आठ्यांकडे दुर्लक्ष करून. रे डेव्ही यांचंच पाहा. युद्धात कैदी होऊन ते जर्मनीत अडकले आणि ड्रेस्डेनची राख त्यांनी जवळून पाहिली. परतल्यावर बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात पाळक झाले आणि १९६५ मध्ये, म्हणजे दंगे सुरू व्हायच्या चार वर्षं आधी, अ‍ँट्रिमच्या किनाऱ्यावर कॉरीमीला हे केंद्र काढलं. दोन्हीकडच्या लोकांनी येऊन चार दिवस एकत्र राहावं, भांडी घासावीत, भांडावं. त्यांच्याच मंडळींना तेव्हा ते अनाठायी वाटलं होतं. वणवा पेटल्यावर तीच जागा उरली.

इयन पेस्ली यांचा शेवट या सगळ्यावरची टीप म्हणून वाचावा. या माणसाने १९५१ मध्ये स्वतःचं चर्च काढलं, १९८८ मध्ये युरोपीय संसदेत पोप जॉन पॉल दुसरे बोलायला उभे राहिले तेव्हा त्यांना ख्रिस्तविरोधी म्हणत आरडाओरडा केला, आणि जन्मभर प्रत्येक तडजोडीला नकार दिला. मे २००७ मध्ये तेच आयआरएचे माजी कमांडर मार्टिन मगिनस यांच्याबरोबर सत्तेत बसले. दोघं इतके हसू लागले की लोकांनी त्यांना विनोदी जोडीचं नाव दिलं. आणि वर्ष उलटायच्या आत, ज्या चर्चचे ते संस्थापक, त्याच्याच प्रमुखपदावरून त्यांना जावं लागलं. भक्तांना पेस्लींची आग चालत होती, हसू चाललं नाही.

इथे क्षमेबद्दल बोलायला हवं, कारण ख्रिस्ती शांतीची चर्चा हमखास तिथे घसरते. ८ नोव्हेंबर १९८७ रोजी एनिस्किलन गावात युद्धस्मारकापाशी आयआरएचा बॉम्ब फुटला, त्या दिवशी ११ जण मेले. कापडाचे दुकानदार गॉर्डन विल्सन आपल्या वीस वर्षांच्या मुलीसह ढिगाऱ्याखाली सापडले. ही मुलगी, मारी, परिचारिका होती. अंधारात ती बापाचा हात धरून होती. ती गेली. त्या संध्याकाळी विल्सन यांनी बीबीसीला सांगितलं की माझ्या मनात कुणाबद्दल आकस नाही, आणि त्या माणसांसाठी मी प्रार्थना करीन. लाखो लोकांनी ऐकलं, रडले. पुढे १९९३ मध्ये ते आयआरएच्या लोकांना भेटले, थांबा म्हणून विनवलं, आणि हात हलवत परत आले. विल्सन यांच्याबद्दल मला आदर आहे. त्यांचा पुतळा करणाऱ्यांबद्दल नाही. त्याच ढिगाऱ्यातून आणखी कितीतरी घरांत प्रेतं गेली. त्यांतल्या ज्यांना क्षमा करता आली नाही, त्यांच्यासमोर विल्सन यांचं उदाहरण धरणं हा दुसरा अत्याचार आहे. त्या बॉम्बसाठी आजवर कुणालाही शिक्षा झालेली नाही. क्षमा बळीने दिली तर ती देणगी असते. व्यासपीठावरून कुणी ती मागू लागला की तो खंडणी वसूल करत असतो. म्हणूनच मला हॉवर्ड यांची कॉव्हेंट्रीची रीत अधिक पटते. तिथे दुसऱ्याला क्षमा करायला कुणी सांगत नाही. आपलं काय चुकलं ते मोठ्याने म्हणायला सांगतात.

मराठी वाचकाला ही गोष्ट परकी वाटू नये. पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज गावी बाप्तिस्मा घेतला. इकडे त्या बाटल्या म्हणून गहजब झाला, तो आपल्याला ठाऊक असतो. तिकडे काय झालं हे तितकंसं सांगितलं जात नाही. ज्या सिस्टर जेराल्डीन त्यांच्या धर्ममाता, त्यांच्याशीच रमाबाईंचा पत्रांतून वाद जुंपला. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, ती ना माझ्या देशाला कळत ना मला. इंग्लंडच्या चर्चनेच सत्याचा मक्ता घेतलाय का. सदसद्विवेक मी कुणा धर्मगुरूच्या हाती देणार नाही. त्यांनी इंग्रज मुलांना शिकवावं का, यावर भारतातल्या इंग्रज बिशपांनी हरकत घेतली, तेव्हाही त्या गप्प बसल्या नाहीत. जुन्या घरचे त्यांना धर्मबुडवी म्हणत होते, नव्या घरचे गर्विष्ठ. नारायण वामन टिळकांचाही प्रवास असाच, १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' मांडण्यापर्यंत, जिथे बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. दोघांनाही श्रद्धा मिळाली, पण तिच्यासोबत आयती मिळणारी टोळी त्यांनी नाकारली.

आणि आपल्या लोकांनी ब्रिटनमध्ये नेलेली भांडणं? ऑगस्ट-सप्टेंबर २०२२ मध्ये भारत-पाकिस्तान क्रिकेट सामन्यानंतर लेस्टरच्या रस्त्यांवर हिंदू आणि मुस्लिम तरुण समोरासमोर आले. अफवा फोनवरून फिरल्या, मोर्चे निघाले. मग दोन्हीकडच्या पुढाऱ्यांनी मशिदीच्या पायऱ्यांवर उभं राहून एकोप्याचं संयुक्त निवेदन वाचलं. ते वाचायलाच हवं होतं. पण अशा निवेदनांत दोष बाहेरून आलेल्यांचा, समाजकंटकांचा, सोशल मीडियाचा असतो. 'आमच्या पोरांनी हे केलं' असं आपल्याच देवळात, आपल्याच मशिदीत उभं राहून सांगणाऱ्याची गोष्ट मी अजून वाचलेली नाही. पुण्या-मुंबईतही नाही.

इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२१ च्या जनगणनेत स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे ४६.२ टक्के निघाले, पहिल्यांदाच निम्म्याहून कमी. चर्चची बाकं ओस पडत असताना क्रूस मात्र रस्त्यावर वाढतो आहे. १३ सप्टेंबर २०२५ रोजी लंडनमध्ये अतिउजव्या टॉमी रॉबिन्सनने काढलेल्या मोर्चात लाखाहून अधिक लोक आले. झेंड्यांच्या गर्दीत लाकडी क्रूस होते. स्थलांतरितांविरुद्धच्या घोषणांबरोबर येशूचं नाव. अनेक चर्चच्या पुढाऱ्यांनी पत्रक काढून या वापराला हरकत घेतली, आणि मोर्चातल्यांनी त्यांना फितूर ठरवलं. मला ही बातमी वाईटातली बरी वाटली. बिशपांवर शिव्या पडल्या म्हणजे ते बेल आणि रन्सी यांच्या वाटेवर निदान एक पाऊल चालले.

बॅलिमीनात तसं झालं का, हा खरा प्रश्न. हे पेस्लींचं गाव, उत्तर आयर्लंडमधलं कडक प्रॉटेस्टंट, चर्चला जाणारं. जून २०२५ मध्ये तिथे परदेशी कुटुंबांची घरं जाळण्यात आली, मुख्यतः रोमा लोकांची. आपलं घर वाचावं म्हणून काहींनी दारांवर कागद चिकटवले की इथे फिलिपिनो राहतात. बॉम्बे स्ट्रीट जाळणाऱ्यांना समोरचा निदान कॅथलिक आहे हे ठाऊक होतं. इथे कोण कुठला हेही बघायची तसदी नाही.

माझ्या मते आता या श्रद्धेची परीक्षा शाळेत आहे. बंदुकांच्या काळात काही पाळकांनी जीव पणाला लावला. शांततेच्या काळात संस्थांनी मालमत्ता आणि हक्क पणाला लावायचे आहेत, आणि तिथे हात आखडतो. उत्तर आयर्लंडमध्ये दोन्हीकडची मुलं जाणीवपूर्वक एकत्र शिकतात अशा शाळांत आजही शंभरातली जेमतेम सात-आठ मुलं आहेत. कॅथलिक शाळा कॅथलिकांच्या. प्रॉटेस्टंट चर्चनी आपल्या शाळा केव्हाच सरकारकडे सोपवल्या, पण व्यवस्थापन मंडळांवरच्या जागा राखून ठेवल्या. १९७० च्या दशकात ज्या कॅथलिक पालकांनी मुलांना इतर शाळांत घातलं, त्या मुलांना दृढीकरणाचा संस्कार द्यायला बेलफास्टच्या बिशपांनी नकार दिला. ते पालक काही धर्म सोडून बसलेले नव्हते. उलट मुलांना धर्म मिळावा म्हणूनच अडून बसले होते. त्यांनी इतरांना जोडून चळवळ केली आणि १९८१ मध्ये, त्याच उपोषणांच्या वर्षात, २८ मुलांवर लॅगन कॉलेज सुरू झालं. आज तिथे हजाराहून अधिक मुलं आहेत, आणि कॅथलिक व प्रॉटेस्टंट असे दोन पाळक. मात्र एखादी चालती कॅथलिक शाळा अशी एकत्र शाळा व्हायला २०२१ साल उजाडावं लागलं. ग्लेनआर्म या किनाऱ्यावरच्या गावातली सीव्ह्यू प्राथमिक शाळा, पटसंख्या घटल्याने बंद पडायच्या बेतात आलेली. तिथेही निर्णय झाला तो पालकांच्या मतदानाने.